कोणता खेळ संगणकाला खरोखर जड जातो?

दोन खेळ शेजारी-शेजारी ठेवून पाहू. पहिला गोमोकू. १५ बाय १५ चा पट, दोघांनी आळीपाळीने काळे-पांढरे खडे ठेवायचे. आडवे, उभे किंवा तिरके सलग पाच खडे ज्याचे आधी लागतील तो जिंकला. दुसरा खेळ बुद्धिबळ. गोमोकूच्या पटावर खड्यांच्या जितक्या मांडण्या होऊ शकतात, तो आकडा लिहायला एकावर शंभराहून जास्त शून्यं द्यावी लागतात. बुद्धिबळात नियमांत बसणाऱ्या स्थिती मोजल्या तर एकावर साधारण ४४ शून्यं पुरतात. नुसते आकडे पाहिले तर बुद्धिबळ गोमोकूच्या पासंगालाही पुरत नाही.

आणि तरीही गोमोकूचा निकाल १९९० च्या दशकाच्या पहिल्या अर्ध्यातच लागला. व्हिक्टर ॲलिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सिद्ध करून दाखवलं की पहिली खेळी करणारा चुकला नाही तर तोच जिंकतो, समोरच्याने काहीही केलं तरी. बुद्धिबळाचं असं उत्तर आजही कोणाकडे नाही. दोघेही अचूक खेळले तर पांढरा जिंकतो की डाव बरोबरीत सुटतो, हे कोणीही सिद्ध केलेलं नाही.

मग एवढा मोठा खेळ सुटला कसा आणि त्याच्यापेक्षा लहान खेळ अडून का बसला? या प्रश्नाचं उत्तर शोधताना माझं एक मत पक्कं होत गेलं. खेळ किती मोठा आहे आणि तो संगणकाला किती जड जातो, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पहिल्याचं उत्तर मोजणीने मिळतं. दुसऱ्याचं उत्तर मुख्यतः एका गोष्टीवर ठरतं: डाव मध्येच थांबवला तर या क्षणी कोण वरचढ आहे हे सांगता येतं का?

पण मोजणी टाळून पुढे जाता येणार नाही, म्हणून आधी तीच करू.

मोजायचं काय?

फुली-गोळ्याला नऊ घरं. प्रत्येक घरात फुली, गोळा किंवा काहीच नाही. म्हणजे तीनला नऊ वेळा गुणायचं: १९,६८३ मांडण्या. पण यात खऱ्या डावात कधीच न येणाऱ्या मांडण्याही आल्या, उदाहरणार्थ सात फुल्या आणि एकही गोळा नाही. अशा वगळल्या, एकाने जिंकल्यावरही खेळ चालू ठेवलेल्या वगळल्या, की ५,४७८ उरतात. पट फिरवून किंवा आरशात धरून सारख्याच दिसणाऱ्या स्थिती एकच धरल्या तर फक्त ७६५. एवढ्या स्थिती एका वहीत हाताने काढता येतील.

ही झाली स्थितींची मोजणी. दुसरी मोजणी डावांची. एकाच स्थितीला वेगवेगळ्या वाटांनी पोचता येतं, त्यामुळे डावांचा आकडा फुगतो. फुली-गोळ्याचे पूर्ण डाव २,५५,१६८ आहेत. हे डाव झाडासारखे डोळ्यांसमोर आणता येतात. बुंध्याशी रिकामा पट, तिथून पहिल्या खेळीच्या नऊ फांद्या, प्रत्येक फांदीला आठ, त्या प्रत्येकीला सात. या झाडाची उंची म्हणजे डावाची लांबी, आणि एकेका ठिकाणी किती फांद्या फुटतात ती झाडाची रुंदी.

स्थिती आणि डाव या दोन आकड्यांची गल्लत सर्रास होते. बुद्धिबळाबद्दल ‘एकावर १२० शून्यं’ हा आकडा बहुतेकांनी ऐकलेला असतो. तो क्लॉड शॅनन यांनी १९५० मध्ये मांडला आणि तो डावांचा आहे, स्थितींचा नाही. त्यांचा हिशेब साधा होता. पांढऱ्याची एक आणि काळ्याची एक खेळी मिळून सुमारे हजार शक्यता, आणि एक डाव साधारण ४० जोड-खेळ्यांचा. हजाराला हजाराने असं चाळीस वेळा गुणलं की १२० शून्यं होतात.

बुद्धिबळाचं झाड किती झपाट्याने वाढतं ते पाहण्यासारखं आहे. पांढऱ्याला पहिल्या खेळीत २० पर्याय असतात: सोळा प्याद्यांचे, चार घोड्यांचे. काळ्यालाही तितकेच, म्हणून दोघांच्या एकेका खेळीनंतर ४०० वाटा. दोन-दोन खेळ्यांनंतर १,९७,२८१. तीन-तीन खेळ्यांनंतर ११ कोटी ९० लाखांच्या वर. आणि अजून उंट-हत्ती धड बाहेरही पडलेले नसतात.

गॅरी कास्पारोव यांना १९९७ मध्ये हरवणारा डीप ब्लू हा संगणक सेकंदाला सुमारे २० कोटी स्थिती तपासायचा. तो विश्वाच्या जन्मापासून आजपर्यंत अखंड चालू असता, तरी त्याने तपासलेल्या स्थितींचा आकडा एकावर २६ शून्यांपर्यंतही पोचला नसता. बुद्धिबळाच्या सगळ्या स्थितींपुढे हा आकडा नगण्य आहे. म्हणजे डीप ब्लू सगळं तपासून जिंकला, असं असूच शकत नाही. तो जिंकला ते बहुतेक सगळं न तपासता.

न तपासण्याची कला

प्रोग्रॅमच्या विचाराची मूळ पद्धत एका वाक्यात सांगता येते: मी माझ्यासाठी सगळ्यात चांगली खेळी करेन, समोरचा माझ्यासाठी सगळ्यात वाईट खेळी करेल, असं धरून झाडाच्या टोकांपासून मागे यायचं. टोकाला जय, पराजय किंवा बरोबरी लिहिलेली असते. माझी पाळी असेल तिथे फांद्यांमधली उत्तम निवडायची, त्याची पाळी असेल तिथे मला सर्वांत घातक. असं करत बुंध्यापर्यंत आलं की पहिली खेळी कोणती करायची ते कळतं.

आता छाटणी. समजा, मला बरोबरी मिळवून देणारी एक खेळी आधीच सापडली आहे. दुसरी खेळी तपासायला घेतली आणि दिसलं की समोरच्याने लगेच घोडा उडी मारून बसवला तर माझा वजीर जातो. इथेच थांबायचं. त्या खेळीला समोरच्याकडे आणखी तीस उत्तरं असतील, त्यातली काही माझ्या फायद्याचीही असतील, पण ती पाहायची गरजच नाही. एक मारक उत्तर सापडलं की ती खेळी बाद. या युक्तीला अल्फा-बीटा छाटणी म्हणतात आणि तिची ताकद थक्क करणारी आहे. प्रत्येक वळणावर ३५ पर्याय धरले तर आठ खेळ्या पुढचं सगळं पाहायला सव्वादोन लाख कोटी टोकं तपासावी लागतात. चांगल्या खेळ्या आधी तपासायला घेतल्या तर छाटणीनंतर हेच काम सुमारे ३० लाखांत होऊ शकतं. त्याच उत्तराला, काहीही न गमावता.

छाटणी केली तरी डाव संपेपर्यंतचं झाड हाती लागत नाही. आठ, दहा, पंधरा खेळ्या पुढे जाऊन कुठेतरी थांबावंच लागतं. आणि थांबलेल्या ठिकाणी जय-पराजय लिहिलेला नसतो. तिथे अंदाज करावा लागतो.

माझ्या मते या विषयाची मेख इथे आहे.

बुद्धिबळात हा अंदाज ढोबळपणे कोणालाही करता येतो. वजीर नऊ, हत्ती पाच, उंट आणि घोडा तीन-तीन, प्यादं एक. दोन्ही बाजूंची बेरीज करा, राजा किती सुरक्षित आहे आणि मोहरी किती मोकळी आहेत याचे थोडे गुण जोडा-वजा करा, आणि बऱ्यापैकी विश्वासार्ह निकाल मिळतो. हा अंदाज अधूनमधून चुकतो, पण पुढच्या दहा-पंधरा खेळ्यांच्या तपासणीमुळे त्याच्या चुका झाकल्या जातात. संगणक जितका वेगवान, तितका तो खोल जातो आणि तितका चांगला खेळतो. म्हणून बुद्धिबळात नुसती गती वाढवूनही प्रगती होत राहिली.

गोमोकूची गोष्ट याहून सोपी आहे. तिथे चार खडे सलग लागले की समोरच्याला अडवावंच लागतं. तीन मोकळे लागले तरी जवळजवळ तेच. धमकी, सक्तीचं उत्तर, पुन्हा धमकी. पटावर दोनशेच्या वर घरं रिकामी असली तरी समोरच्याला प्रत्यक्षात एक-दोनच पर्याय उरतात. ॲलिस यांच्या प्रोग्रॅमने फक्त अशा धमक्यांच्या साखळ्या शोधल्या आणि बाकीचं अफाट झाड डोळ्यांआड केलं. एकावर शंभर शून्यं होती खरी, पण वाट अरुंद गल्लीतून जात होती.

चेकर्स: एका प्रोग्रॅमची अठरा वर्षं

चेकर्सच्या पटावर खेळायला फक्त ३२ घरं असतात आणि दोघांकडे १२-१२ सोंगट्या. समोरची सोंगटी मारता येत असेल तर मारावीच लागते, त्यामुळे सरासरी पाहिली तर एका वळणावर तीनसुद्धा पर्याय नसतात. एकूण स्थिती एकावर २० शून्यं, गुणिले पाच. बुद्धिबळापुढे किरकोळ, पण सरळ मोजून संपणाऱ्याही नाहीत.

कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठात जोनाथन शेफर यांनी १९८९ मध्ये चिनूक नावाचा प्रोग्रॅम लिहायला घेतला. समोर होते मॅरियन टिन्स्ली, गणिताचे प्राध्यापक आणि चेकर्सचा आजवरचा बहुधा सर्वश्रेष्ठ खेळाडू. दशकानुदशकं खेळून ते हरलेले डाव हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. १९९० मधल्या एका डावात चिनूकने दहावी खेळी केली आणि टिन्स्ली म्हणाले की याचा तुम्हाला पश्चात्ताप होईल. प्रोग्रॅमच्या हिशेबाने तेव्हा सगळं आलबेल होतं. बऱ्याच खेळ्यांनंतर तो डाव चिनूक हरला. संगणक खोल पाहत होता, पण टिन्स्लींना ती स्थिती बिघडली आहे हे नुसतं पाहून कळलं होतं. अंदाजाचं महत्त्व याहून स्पष्ट करणारा प्रसंग मला माहीत नाही.

१९९२ च्या जगज्जेतेपदाच्या लढतीत टिन्स्ली ४-२ ने जिंकले, ३३ डाव बरोबरीत सुटले. १९९४ मध्ये पुन्हा लढत झाली. सहा डाव बरोबरीत सुटल्यावर टिन्स्लींनी प्रकृतीच्या कारणाने माघार घेतली आणि पुढच्या वर्षी त्यांचं निधन झालं. अजिंक्यपद चिनूककडे गेलं, पण टिन्स्लींना चिनूकने हरवलं असतं का, हा प्रश्न कायमचा लटकत राहिला. शेफर यांनी मग वेगळाच रस्ता धरला: खेळाडूला हरवायचं नाही, खेळच सोडवायचा.

त्यांनी काम दोन्ही टोकांकडून सुरू केलं. शेवटाकडून उलटं मागे येत, पटावर दहा किंवा कमी सोंगट्या उरलेल्या सगळ्या स्थितींचा अचूक निकाल त्यांनी साठवला. अशा स्थिती ३९ लाख कोटी. दुसरीकडे सुरुवातीपासून पुढे जाणारी तपासणी या साठ्याला येऊन मिळेपर्यंत नेली. एप्रिल २००७ मध्ये दोन्ही टोकं जुळली. निकाल: दोघेही चुकले नाहीत तर बरोबरी. लक्षात घेण्यासारखं हे की एकावर २० शून्यांच्या खेळासाठी प्रत्यक्ष हिशेब करावे लागले एकावर सुमारे १४ शून्यं. दर पन्नास लाख स्थितींमागे एक. बाकीच्या पाहायची गरज पडली नाही, आणि तरीही सिद्धता पूर्ण आहे.

इथे एक फरक मनात पक्का ठेवायला हवा. माणसाला हरवणं वेगळं आणि खेळ सोडवणं वेगळं. बुद्धिबळात संगणक माणसापेक्षा कितीतरी पुढे गेला आहे, पण खेळ सुटलेला नाही. पटावर राजे धरून सात किंवा कमी मोहरी उरली असतील तर मात्र निकाल अचूक माहीत आहे, आणि या साठ्यात अशीही एक स्थिती सापडली की दोन्ही बाजू अचूक खेळल्या तर मात व्हायला ५४९ खेळ्या लागतात. त्या खेळ्या माणसाच्या डोळ्यांना बहुतांशी अर्थहीन वाटतात.

गो अडला कशामुळे?

गोचा पट १९ बाय १९ रेघांचा, ३६१ छेदबिंदू. त्यांवर काळे-पांढरे खडे ठेवत जास्तीत जास्त जागा घेरायची; चहूबाजूंनी कोंडले गेलेले खडे पटावरून उचलले जातात. नियमांत बसणाऱ्या स्थितींचा नेमका आकडा जॉन ट्रॉम्प यांनी २०१६ मध्ये काढला, तो १७१ अंकी आहे. एका वळणावर सरासरी २५० पर्याय. विश्वातल्या अणूंपेक्षा गोच्या स्थिती जास्त, हे वाक्य तुम्ही नक्की वाचलं असेल. ते खरं आहे, पण गो अवघड का, हे त्यातून कळत नाही. गोमोकूच्या स्थितीही अणूंपेक्षा जास्तच आहेत.

मला पटणारा पुरावा वेगळा आहे. गो ९ बाय ९ च्या छोट्या पटावरही खेळतात. तिथल्या स्थिती एकावर ३८ शून्यांच्या आसपास, म्हणजे बुद्धिबळापेक्षा कमी. आकार हीच अडचण असती तर छोटा गो बुद्धिबळाच्या बरोबरीने पडायला हवा होता. प्रत्यक्षात डीप ब्लूच्या विजयानंतर कित्येक वर्षं छोट्या पटावरही प्रोग्रॅम कसलेल्या खेळाडूंपुढे टिकत नव्हते.

कारण गोमध्ये सगळे खडे सारखे. वजीर नाही, प्यादं नाही, बेरीज करायला काहीच नाही. खड्याची किंमत तो इतर खड्यांशी कसा जोडलेला आहे यावर ठरते. एका कोपऱ्यातल्या खड्यांना घेरत नेणारा पाठलाग पायऱ्या-पायऱ्यांनी तिरका सरकत पटभर जाऊ शकतो, आणि तो यशस्वी होईल की नाही हे पार विरुद्ध कोपऱ्यात पडलेला एकटा खडा ठरवतो. एखादा समूह जिवंत आहे की मेल्यात जमा आहे, हेच वीस-तीस खेळ्या पुढे पाहिल्याशिवाय कळत नाही. मुरलेल्या खेळाडूला विचारलं तर तो आकाराबद्दल बोलतो: ही मांडणी जड आहे, ही हलकी आहे, इकडे दबाव आहे. खरं तेच असतं, पण ते सूत्रात कसं लिहायचं? अंदाजाचं सूत्र नाही, म्हणून छाटणीला आधार नाही, म्हणून गती कितीही वाढवली तरी खोल जाण्याचा फायदा नाही.

कोंडी फुटायला सुरुवात झाली ती २००६ च्या सुमारास, आणि ज्या कल्पनेने फुटली ती ऐकायला वेडगळ वाटते. स्थितीचा अंदाज करता येत नाही ना? मग तिथून पुढे डाव जवळजवळ स्वैर खेळ्यांनी शेवटपर्यंत खेळून टाका. असं हजारो वेळा करा आणि कोण किती वेळा जिंकलं ते मोजा. रेमी कुलोम यांच्या क्रेझी स्टोन या प्रोग्रॅमने ही कल्पना झाडाच्या तपासणीत गुंफली: ज्या फांद्यांवर जय जास्त दिसतो तिकडे जास्त वेळ द्यायचा, पण बाकीच्यांकडेही अधूनमधून डोकवायचं. हिला माँटे कार्लो पद्धत म्हणतात. गोला ती मानवली, कारण तिथे पट भरत जातो आणि स्वैर खेळलं तरी डाव संपतो. बुद्धिबळात स्वैर खेळ्यांनी राजा-राजा नुसते भटकत राहतील आणि त्यातून काही कळणार नाही. खेळाच्या घडणीप्रमाणे हत्यार बदलतं.

यानंतर आला अल्फागो हा गोचा प्रोग्रॅम. त्याने अंदाज करायला न्यूरल नेटवर्क, म्हणजे उदाहरणांवरून शिकणारी गणिती जाळी, वापरली. एक नेटवर्क कोणत्या खेळ्या बघण्याजोग्या आहेत ते सुचवायचं, दुसरं स्थितीकडे पाहून जिंकण्याची शक्यता सांगायचं. टिन्स्लींना नुसतं पाहून जे कळायचं, ते इथे कोट्यवधी स्थितींच्या सरावातून आकड्यांत उतरलं. मार्च २०१६ मध्ये सेऊलमध्ये अल्फागोने गोचे अव्वल खेळाडू ली सेडोल यांना ४-१ ने हरवलं. दुसऱ्या डावातली त्याची ३७ वी खेळी अशी होती की माणूस ती खेळण्याची शक्यता त्याच्या स्वतःच्याच हिशेबाने दहा हजारांत एक होती. चौथ्या डावात ली यांनी ७८ व्या खेळीला पटाच्या मधोमध पाचर मारली, अल्फागोचा अंदाज कोलमडला आणि तो डाव माणसाने जिंकला.

अंदाज सुधारला की तपासणी कमी पुरते, याचं सगळ्यात ठळक उदाहरण पुन्हा बुद्धिबळातच मिळालं. स्वतःशीच खेळून शिकलेला अल्फाझिरो सेकंदाला सुमारे ६० हजार स्थिती पाहायचा, त्याच्यासमोरचा स्टॉकफिश हा बुद्धिबळाचा बलवान प्रोग्रॅम सुमारे ६ कोटी. हजार डावांत अल्फाझिरो १५५ जिंकला आणि फक्त सहा हरला.

चौकटीत न बसणारे खेळ

बॅकगॅमन म्हणजे आपल्या सोंगट्या आधी पटाबाहेर काढण्याची शर्यत. त्यात दोन फासे पडतात. त्यांच्या २१ वेगवेगळ्या जोड्या, आणि प्रत्येक जोडीला साधारण वीस खेळ्या. म्हणजे एका वळणावर चारशे फांद्या. खोल पाहणं अशक्य. तरीही जेराल्ड टेसॉरो यांचा टीडी-गॅमन १९९० च्या दशकाच्या सुरुवातीलाच अव्वल खेळाडूंच्या तोडीचा झाला, स्वतःशी खेळून शिकत, दोन-तीन खेळ्यांपलीकडे न पाहता. इथे फासे मदतीला येतात. एका घराच्या फरकाने जिंकण्याची शक्यता एकदम कोसळत नाही, हळूहळू उतरते, त्यामुळे अंदाज शिकायला सोपा जातो. शिवाय फासे प्रोग्रॅमला नव्यानव्या स्थितींत ढकलतात, तो एकाच वाटेवर घुटमळत नाही.

ओथेलोमध्ये माणसाचा आणि संगणकाचा त्रास उलटा आहे. समोरच्याच्या सोंगट्या आपल्या दोन सोंगट्यांमध्ये सापडल्या की त्यांचा रंग बदलतो, त्यामुळे एका खेळीने अर्ध्या पटाचे रंग पालटतात आणि माणसाचे डोळे फिरतात, पण संगणकाला त्यात काहीच अडचण नाही. शिवाय डाव साठ खेळ्यांत संपतोच. १९९७ मध्ये लॉजिस्टेलो या प्रोग्रॅमने जगज्जेते ताकेशी मुराकामी यांना ६-० ने हरवलं.

आरिमा हा खेळ तर ओमर सय्यद यांनी माणसाला सोपा आणि संगणकाला अवघड जावा म्हणून मुद्दाम रचला. बुद्धिबळाचाच पट, पण एका पाळीत चार पावलं टाकता येतात, म्हणून एका वळणावर सरासरी १७ हजार पर्याय. गोच्या सत्तरपट रुंद झाड. तरी २०१५ मध्ये डेव्हिड वू यांच्या शार्प या प्रोग्रॅमने माणसांना हरवलं, म्हणजे ली सेडोल यांच्या पराभवाच्या आदल्या वर्षी. नुसती रुंदी वाढवून खेळ अजिंक्य होत नाही, हे इथे दिसलं.

आणि हेक्स. षटकोनी घरांचा पट, दोघांनी आपापल्या समोरासमोरच्या कडा जोडायच्या. हा खेळ बरोबरीत सुटूच शकत नाही. आता समजा, दुसऱ्या खेळाडूकडे हमखास जिंकण्याचा मार्ग आहे. मग पहिल्याने कुठेही एक खडा ठेवावा आणि पुढे आपणच दुसरे आहोत असं समजून तोच मार्ग वापरावा. जास्तीचा खडा हेक्समध्ये कधीच नडत नाही. म्हणजे दोघेही जिंकणार, जे अशक्य आहे. म्हणून दुसऱ्याकडे असा मार्ग नाही आणि बरोबरी नाही, तेव्हा पहिलाच जिंकतो. जॉन नॅश यांच्या या युक्तिवादात एकही स्थिती मोजलेली नाही. कितीही मोठा पट घ्या, कोण जिंकणार ते माहीत आहे. पण जिंकायचं कसं, ते त्यातून कळत नाही. १९ बाय १९ च्या पटावर तो मार्ग कोणालाही लिहून दाखवता आलेला नाही.

गणितज्ञ या सगळ्याकडे आणखी एका बाजूने पाहतात: पट मोठा करत नेला तर काम कोणत्या वेगाने वाढतं? हेक्स, ओथेलो यांत घरं भरली की डाव संपतो, त्यामुळे डावाची लांबी आटोक्यात राहते. बुद्धिबळ आणि चेकर्समध्ये सोंगट्या भटकत राहू शकतात, आणि गोमध्ये खडे उचलले जाऊन जागा पुन्हा रिकाम्या होतात, म्हणून मोठ्या पटावर डाव अतोनात लांबू शकतो. त्यामुळे हे तीन खेळ या मापाने एका पायरीवर येतात आणि त्यांचं काम घातांकी वेगाने वाढतं हे सिद्ध झालेलं आहे. पण चेकर्स सुटला आणि बुद्धिबळ नाही, हे या मापात दिसत नाही. ठरावीक आकाराच्या पटाबद्दल ते फारसं बोलतच नाही.

शार्प लिहिणाऱ्या डेव्हिड वू यांनीच पुढे काटागो हा गोचा प्रोग्रॅम लिहिला. तो आजच्या सर्वांत बलवान प्रोग्रॅमांपैकी एक आहे. २०२३ मध्ये केलिन पेलरिन या हौशी खेळाडूने त्याला पंधरापैकी चौदा डावांत हरवल्याची बातमी आली. काटागोच्या उणिवा हुडकण्यासाठी संशोधकांनी दुसरा एक प्रोग्रॅम तयार केला होता, आणि त्याने शोधलेली क्लृप्ती पेलरिन यांनी आत्मसात केली. खेळताना संगणकाची मदत घेतली नाही. क्लृप्ती अशी: काटागोला स्वतःच्या खड्यांची एक मोठी कडी करू द्यायची, इतर कोपऱ्यांत खेळून लक्ष दुसरीकडे वळवायचं आणि हळूहळू त्या कडीलाच बाहेरून वेढत न्यायचं. मध्यम दर्जाच्या माणसालाही तो वेढा दिसला असता. काटागोला मात्र आपली कडी सुरक्षितच वाटत राहिली, ती पूर्ण घेरली जाऊन सुटकेची वाट बंद होईपर्यंत.